आधी नळी बदला

आमच्या घरात सकाळ व्हायची ती कुणाच्या तरी गाडीच्या खोकल्यानं. वाईच्या बाहेर, पसरणी घाट चढायला लागतो तिथं रस्त्यालगत माझ्या वडिलांचं, अण्णांचं, गॅरेज होतं आणि त्याच्या मागं, एका पत्र्याच्या भिंतीपलीकडं, आमचं दोन खोल्यांचं घर. महाबळेश्वरहून रात्रीचं भाडं सोडून परतणारे टॅक्सीवाले, पाचगणीहून भाजी आणणारे, सगळे उतारावरून येऊन आमच्या दारात थांबायचे. अण्णा फौजेत गाड्यांचे मिस्त्री होते. हवालदार होऊन गावी आले तेव्हा पेन्शन, एक जाड खाकी स्वेटर आणि कान एवढं घेऊन आले, असं आई म्हणायची. कान म्हणजे खरंच कान. जेवायला बसलेले असताना बाहेर गाडी थांबली तर घास तोंडात तसाच ठेवून ते ऐकत राहायचे, आणि त्या वेळी आई भाकरी थापायची थांबायची, कारण थापण्याच्या आवाजात त्यांना इंजिन नीट ऐकू यायचं नाही. मग ते घास गिळून सांगायचे, "प्लग न्हाई. कार्ब्युरेटरमधी कचरा हाय." बाहेर जाऊन बघावं तर तेच निघायचं. मी घेवड्याच्या आमटीत भाकरी कुस्करत हे बघायची आणि मला वाटायचं, जगात या माणसाला फसवू शकेल असं काही नाही, आणि हा कुणाला फसवेल असंही काही नाही.

हे लिहिते आहे तेव्हा माझ्या खिडकीखालून दिवसभर गाड्या जातात आणि एकीचाही आवाज वर येत नाही. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मोजून पाजणारं एक भांडं, हे मला नातवंडांना चित्र काढून सांगावं लागतं. ती ऐकून घेतात. म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं.

मी साताऱ्याच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करत होते, तेव्हा पेट्रोल बदललं. बदललं म्हणजे एका दिवसात नाही. थोडं थोडं करत शंभरात वीस भाग इथेनॉल आलं आणि पंपांवर तसे स्टिकर लागले. इथेनॉल आमच्या भागाला परकं नव्हतं. हंगामात कारखान्याकडून वारा आला की मळीचा आंबूस वास घरात भरायचा, आणि माझे चुलते अभिमानानं म्हणायचे, "आता आपला ऊस मुंबईवाल्यांच्या गाडीत जळतोय बघ." नव्या गाड्यांना काही होत नव्हतं; त्या त्यासाठीच बांधलेल्या होत्या. पण आमच्या दारात नव्या गाड्या येतच नव्हत्या. आमच्याकडं यायच्या त्या वीस-पंचवीस वर्षं घाट चढून थकलेल्या व्हॅन आणि जीपगाड्या. त्यांच्या पेट्रोलच्या नळ्या जुन्या रबराच्या. या पेट्रोलनं ते रबर फुगायचं, मऊ पडायचं, मग त्याला भेगा जायच्या. आणि महाबळेश्वरचा पाऊस. तिथं पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. गाडी सकाळी चालू करावी तर इंजिनाला पेट्रोलऐवजी ते तळाचं पाणी मिळायचं. त्या पावसाळ्यात गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली होती.

अण्णांनी रोग लगेच ओळखला. प्रत्येकाला ते एकच सांगायचे, "आधी नळी बदला. टाकी उतरवून धुऊन घेऊ. कार्ब्युरेटरचं जेट साफ करतो. पावसात टाकी अर्धी ठेवू नगा, भरलेली ठेवा." नव्या रबराची नळी पुण्याहून मागवावी लागायची. टाकी उतरवायची म्हणजे गाडी दोन दिवस उभी, आणि सीझनमध्ये टॅक्सीवाल्याला दोन दिवस म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. लोक कुरकुरायचे. "काय तरी पाजा की तिला, मिस्त्री," म्हणायचे. "खोकल्याला औषध असतंय, तसं काय न्हाई का?" अण्णा हसायचे. "गाडी हाय ती, पोरगं न्हाई." मग निम्मे लोक निघून जायचे, साताऱ्यात कुणी तरी बाटली विकतंय तिकडं. अण्णा दारात उभे राहून त्यांच्या गाड्या घाट चढताना ऐकत राहायचे. मला ते उभं राहणं आठवतं. त्यांचं कसब लोकांना नको झालं होतं, आणि ते त्यांना फार लागलं होतं. हे मी तेव्हा ओळखलं असतं तर, असं पुष्कळदा मनात येतं.

दिवाळीच्या सुमारास सांगलीकडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. अण्णांच्या पलटणीतला होता. दोघं गॅरेजच्या मागं खाटेवर बसून बराच वेळ बोलले. आईनं दोनदा चहा पाठवला. तो गेला तेव्हा आमच्या पडवीत पांढरे कॅन आणि रिकाम्या बाटल्यांची खोकी होती. कॅनमधलं पाणी निळं होतं, शाईसारखं. "इथेनॉलवरचा उतारा हाय," अण्णा म्हणाले. "टाकीत एक टोपण टाकायचं. नळीला आतनं थर बसतोय, पाणी धरू देत न्हाई. तपासून आलंय सगळं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तेजू, तू जरा पत्रक लिहून दे. लोकांना कळंल असं, पण शास्त्राच्या भाषेत. तुझं कॉलेजात चाललंय तसं."

मी विचारलं, "पण अण्णा, मी कुठं तपासलंय?"

"तुला कोण तपासायला सांगतंय? तपासलंय म्हणून सांगितलं न्हवं? तू नुसतं लिही."

मी लिहिलं. सांगायला लाज वाटते, पण मी हौसेनं लिहिलं. दोन संध्याकाळ बसून, पुस्तक उघडून, 'संरक्षक थर' आणि 'आर्द्रता' असे शब्द घालून. छापून आलं तेव्हा तळाशी माझं नाव होतं: कुमारी तेजश्री, बी.एस्सी. केमिस्ट्री. अजून माझं दुसरं वर्ष संपायचं होतं. मी म्हटलं, "अण्णा, हे खोटं आहे." ते म्हणाले, "हुणारच हाईस की. जरा आधी छापलं." आई हसली. मीही हसले. छापलेलं नाव मी पहिल्यांदाच बघत होते, आणि एक पत्रक घडी करून मी वहीत ठेवलं.

बाटली चालली. गाडी उभी ठेवायची नाही, टाकी उतरवायची नाही, एक टोपण ओतलं की झालं. महाबळेश्वरच्या स्टँडवर ड्रायव्हर एकमेकांना म्हणू लागले, "फौजी मिस्त्र्याची निळी टाक." अण्णा पुन्हा ताठ चालू लागले. कुणी आलं की ते आत हाक मारायचे, "तेजू, बाहेर ये गं," आणि मी जाऊन इथेनॉल पाणी कसं ओढतं ते समजावायची. ते सगळं खरं असायचं. फक्त शेवटचं वाक्य, की ही बाटली ते थांबवते, ते मी अण्णांच्या शब्दावर बोलायची. घरात त्या दिवसांत आनंद होता हे नाकारून चालणार नाही. आई रविवारी मटण करायची, पत्र्याच्या भिंतीपलीकडून लोकांच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि अण्णा जेवताना फौजेतले किस्से सांगायचे जे त्यांनी कित्येक वर्षं सांगितले नव्हते.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. 'आधी नळी बदला' हे वाक्य आमच्या अंगणातून नाहीसं झालं होतं. एकदा मी विचारलंच. "बाटली टाकली तरी जुनी नळी बदलायलाच पाहिजे ना?" अण्णा पाना पुसत होते. म्हणाले, "नळी बदल म्हटलं की माणूस म्हणतोय, मग बाटली कशाला? दोन्ही सांगून चालत न्हाई, पोरी." मला ते उत्तर खटकलं. पण मी ते तसंच गिळलं. त्यांच्या कानावर माझा इतका विश्वास होता, की त्यांनी ऐकून काही ठरवलं असेल असंच मी धरलं.

बबनकाका आमच्याकडं फार वर्षं यायचे. भिलारजवळचे, जुनी पांढरी व्हॅन, सीझनला प्रवासी आणि हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे ट्रे. मी लहान असताना येताना पानात गुंडाळून दोन-चार स्ट्रॉबेऱ्या आणायचे. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असायचं. सीट उचलली की सगळं समोर. जानेवारीत ते आले तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, दोन दिस झालं, पेट्रोलचा वास मारतोय." अण्णांनी सीट उचलली. मी चहा घेऊन शेजारीच उभी होते. त्यांनी पेट्रोलची नळी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबली. ती दबली, आणि लगेच परत वर आली नाही. पिकलेल्या चिकूसारखी दबलेली राहिली. अण्णा क्षणभर थांबले. मग क्लिप आवळली, सीट खाली घेतली आणि म्हणाले, "क्लिप सैल हुती. निळी टाकतायसा न्हवं?"

"टाकतोय की. एकाच्या जागी दोन टोपणं टाकतोय." बबनकाका माझ्याकडं बघून हसले. "पोरीनं लिवलंया, मग काय काळजी?"

आठवडाभरानं ती व्हॅन घाटात पेटली. भर सकाळी, ट्रे भरून वाईकडं उतरताना. सीटखालून धूर आला म्हणून काकांनी गाडी कडेला घेतली आणि बघायला सीट उचलली. आत हवा गेली आणि भडका वर आला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. गाडी जागेवर जळाली. आमच्या अंगणातून धूर दिसत होता, आणि नंतर वाऱ्याबरोबर जॅम कढवल्यासारखा गोड वास खाली आला. आई म्हणाली, "कशाचा गं वास?" आम्हाला दुपारी कळलं.

अण्णा दवाखान्यात गेले नाहीत. मी गेले. काकांचे हात कापसात गुंडाळून उशांवर ठेवले होते, आणि त्यांची बायको त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. मला बघून ते म्हणाले, "ये पोरी. परीक्षा कवा हाय?" मी काहीतरी उत्तर दिलं आणि बाहेर येऊन एसटी स्टँडपर्यंत रडत चालत आले.

घरी आल्यावर मी एक निळी बाटली उघडली. आम्हाला कॉलेजात शिकवलेली तपासणी अगदी सोपी आहे. ती करायला प्रयोगशाळाही लागत नाही. तेल असेल तर ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. स्पिरिट, म्हणजे इथेनॉलच, असेल तर मिसळून जातं. मी स्वयंपाकघरात काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि वरून बाटली ओतली. थर बसवणारं, नळीचं रक्षण करणारं काही त्यात असतं तर वर तवंग आला असता. काही आलं नाही. सगळा पेला एकसारखा निळा झाला. नाक जवळ नेलं तर अत्तराच्या खाली तोच वास होता, जो हंगामात कारखान्याकडून यायचा. लोक ज्याला घाबरून बाटली घेत होते, तेच बाटलीत होतं. रंग देऊन, अत्तर घालून. एका टोपणानं टाकीचं फारसं बिघडतही नसेल. त्या पाण्यानं काकांची गाडी पेटवली नव्हती. ती पेटवली न बदललेल्या नळीनं, आणि नळी बदलली नाही कारण बाटली होती. आई चुलीपाशी उभी राहून हे सगळं बघत होती. मी तिच्याकडं वळले तर तिनं माझ्या हातातून पेला घेतला, मोरीत ओतला आणि राखेनं तीन वेळा घासला. मला वाटलं, तिलाही माझ्यासारखाच धक्का बसला आहे.

मी रात्रभर ठरवत होते की अण्णांना कसं सांगायचं. हो, तोवर मला असंच वाटत होतं, की त्या पलटणीतल्या माणसानं अण्णांना फसवलंय आणि ते त्यांना हळुवारपणे सांगायला हवं. पण सकाळी मी काही बोलायच्या आत दारात जीप थांबली. बबनकाकांना दवाखान्यातून घेऊन स्टँडवरचे आठ-दहा ड्रायव्हर आले होते. काकांचे हात पुढं धरलेले, पांढरे, जाड. कुणी ओरडत नव्हतं. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, आमी भांडाय न्हाई आलो. आमच्या बी गाड्यात तीच बाटली हाय. एवढंच सांगा, त्यात काय हाय?"

अण्णा गॅरेजच्या उंबऱ्यावर उभे होते. मी त्यांच्या मागं. त्यांनी आधी रस्त्याकडं पाहिलं, मग हातातल्या फडक्याकडं. आणि म्हणाले, "मी अडाणी माणूस. मला पाना कळतोय, बाटलीतलं काय कळतंय? पोरगी केमिस्ट्री शिकती. तिनं तपासलं, तिनं लिवलं. पत्रकावर नाव बघा कुणाचं हाय. तिनं सांगितलं म्हणून मी इकली."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले. मी अण्णांकडं बघत होते. मला वाटत होतं की ते आता वळून बघतील, डोळ्यानं तरी काही सांगतील, 'सांभाळून घे' असं तरी. ते वळले नाहीत. त्यांची मान मला पाठमोरी दिसत होती, मळकट कॉलर, कानामागं काळ्या ग्रीसचा एक डाग. त्यांना मी मागं उभी आहे हे ठाऊक होतं. ज्यांना घाटातल्या गाडीचा श्वास ऐकू यायचा त्यांना माझा ऐकू येत नव्हता, असं मी कसं मानू?

मी म्हणाले, "मी तपासलं नव्हतं. काल तपासलं. त्यात स्पिरिट आहे. टाकू नका कुणी, आणि नळ्या बदलून घ्या, आजच."

"आता शाणी झाली," अण्णा कुणाकडंही न बघता म्हणाले. "आधी का न्हाई बोललीस?"

तेव्हा बबनकाका पुढं आले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "फौजी, पोरीवर ढकलू नगंस. बाटलीचं सोड. नळी तू दाबून बघितलीस. मी तुझ्या म्होरं हुतो. तुला कळलं, आणि तू सीट खाली घेतलीस." मग म्हणाले, "मला बी कळलं हुतं गड्या, तुझं तोंड बघून. पण म्हटलं, फौजी हाय, काय असतं तर बोलला असता."

ड्रायव्हर काकांना जीपमध्ये बसवून निघून गेले. अण्णा आत आले, हात धुतले आणि आईला म्हणाले, "वाढ."

मी जेवायला बसले नाही. आठ दिवसांत मी सांगलीला गेले. माझी एक मैत्रीण तिथं शिकत होती, तिच्या खोलीवर राहिले, शिकवण्या घेतल्या, वर्ष तिथंच पूर्ण केलं. अण्णांनी बाटल्या बंद केल्या असं ऐकलं. ते स्टँडवर जाऊन लोकांच्या नळ्या बदलून देत होते असंही कुणी सांगितलं. असेल. ते पुढं पुष्कळ वर्षं जगले, लोकांत माझं कौतुक करत राहिले, आणि त्या सकाळबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बबनकाकांचे हात बरे झाले, पण बोटं पुरती मिटेनात; स्टेअरिंग धरता येईना. ते मेव्हण्याच्या मळ्यावर स्ट्रॉबेरीची राखण करू लागले. नव्या गाडीचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्या उन्हाळ्यात आई एकदा मला भेटायला सांगलीला आली. एकटी, एसटी बदलत, मांडीवर डबा धरून. खोलीत जागा नव्हती म्हणून आम्ही स्टँडवरच एका बाकावर बसलो. तिनं धपाटी आणली होती, दही, शेंगदाण्याची चटणी. मी खात होते आणि ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती. इतक्या महिन्यांत कुणी माझ्या अंगाला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "आई, अण्णांनी असं का केलं गं? माझं नाव का पुढं केलं?"

तिचा हात थांबला नाही. "त्यांच्यावर राग धरू नगंस," ती म्हणाली. "ते सोताचंच नाव घालणार हुते पत्रकावर. मीच न्हाई म्हटलं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"वासावरनं कळत हुतं की गं. बाटल्या मीच भरत हुते रोज, डोकं दुखायचं. म्हटलं, उद्या काय इपरीत झालं, तर फौजेची पेन्शन हाय, ह्यांची अब्रू हाय, सगळं जाईल. तुझं काय, तू लेकरू. शिकतीया. चुकली म्हणून सोडून देत्याल लोक." तिनं डब्यातलं शेवटचं धपाटं माझ्या हातावर ठेवलं. "आणि तसंच झालं का न्हाई? तुला कुणी काय म्हटलं का?"

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, हिशेबी बाईसारखं नाही, थंडीत घरातलं एकच पांघरूण कुणावर जास्त ओढायचं ते ठरवणाऱ्या बाईसारखं. ती ते मला दुखवायला सांगत नव्हती. तिच्या नवऱ्यावरचा माझा राग उतरावा म्हणून सांगत होती. मी धपाटं संपवलं. मला भूक होती.

साताऱ्याची गाडी लागली. मी तिला खिडकीजवळ जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली, पिशवी पायाशी सरकवली. गाडी मागं येऊ लागली तसं तिनं गजांतून हात बाहेर काढला. "सुट्टीला येणार न्हवं घरी?" ती मोठ्यानं म्हणाली. "तुझं अण्णा वाट बघत्यात."

"येते की," मी म्हणाले, आणि तिला ते खरं वाटलं. माझ्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नसावं.